ट्रेलर, थंडी आणि बाहेरचा श्वास

कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. चाकांवरचा वन आरके म्हणा हवं तर. पलंग, ओटा, छोटा फ्रिज, बोटभर बाथरूम, सगळं आत. अमेरिकेतल्या खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये गेलात तर प्रत्येक जागेपाशी एक खांब असतो, त्यावर विजेचं सॉकेट, शेजारी पाण्याचा नळ आणि खाली सांडपाणी सोडायची सोय. यालाच इथे 'हुकअप' म्हणतात. हुकअप असलं की थंडीचा प्रश्न मिटला. विजेचा हीटर लावायचा आणि ताणून द्यायची.

खरी मजा हुकअप नसलं की सुरू होते. आणि बघण्यासारख्या जागा हटकून तिथेच असतात जिथे हा खांब नसतो! युटामधल्या ब्राइस कॅन्यनचंच घ्या. पार्काच्या आत दोन कॅम्पग्राउंड आहेत, दोन्हीकडे हुकअप नाही. उंची सुमारे ८,००० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट आहे, म्हणजे त्याच्या डोक्यावर अजून अर्धं कळसूबाई ठेवा. ऑक्टोबरअखेरीस तिथे रात्री पारा शून्याखाली जाणं अगदी नेहमीचं.

आम्हाला गेल्या ऑक्टोबरात तिथेच जायचं होतं, आणि बरोबर आईबाबा होते. नवरोबा आणि मी दोघंच असतो तर कुडकुडत दोन रात्री काढल्या असत्या आणि परत येऊन त्याच्याच फुशारक्या मारल्या असत्या. पण बाबा त्रेसष्ट वर्षांचे, आणि आईला पुण्याच्या डिसेंबरातही दोन स्वेटर लागतात. तेव्हा १७ फुटी ट्रेलर भाड्याने ठरवला आणि जायच्या आधीचे दोन वीकेंड मी फक्त एका प्रश्नावर घालवले. वीज नसताना या डब्यात चार माणसं रात्रभर गरम कशी ठेवायची, आणि सकाळी चौघंही धडधाकट उठतील याची खात्री कशी करायची?

बाबांकडे उत्तर तयार होतं. "अगं, ओट्यावर गॅस आहे ना? एक बर्नर रात्रभर सुरू ठेवायचा. संपला प्रश्न."

आईने लगेच दुजोरा दिला. "आमच्याकडे तर थंडीत शेगडी माजघरात आणायचे. आम्ही सगळी भावंडं तिच्याभोवती झोपायचो. काही झालं का आम्हाला?"

आता यावर 'नाही, धोका असतो' एवढंच म्हटलं की संपतं. आई म्हणते, तुम्ही आजकालची मुलं फार घाबरता. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना आकडे दाखवले की ते ऐकतात.

हिशोब असा. आमच्या ट्रेलरची आतली जागा साधारण १५ घनमीटर. एवढ्या जागेत, ८,००० फुटांवरच्या विरळ हवेत, जेमतेम सव्वातीन किलो ऑक्सिजन मावतो. ओट्यावरचा एक बर्नर मोठा ठेवला तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन जाळतो. रसायनशास्त्राचं समीकरण आठवत असेल तर ४४ ग्रॅम प्रोपेनला १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे तासाला अर्ध्या किलोहून जास्त. डबा पूर्ण बंद धरला तर एका तासात आतला सहावा हिस्सा ऑक्सिजन गेला! ज्योत बारीक ठेवली तर हेच तीन-चार तासांत होईल. रात्र मात्र दहा तासांची आहे.

आईच्या माजघराचं काय? ते कौलारू घर होतं. कौलांच्या फटी, खिडक्यांच्या फटी, दाराखालून येणारी वाऱ्याची झुळूक, आणि वर आढ्यापर्यंत मोकळी जागा. ते घर स्वतःच श्वास घेत होतं. तरीही शेगडीचे निखारे धोक्याचेच, कारण कोळसा धुमसताना भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या घराच्या गळक्या कौलांनी माझ्या मामा-मावश्यांना सांभाळलं, असंच मी म्हणेन. ट्रेलर याच्या अगदी उलट. रबराच्या पट्ट्या लावून, सील करून केलेली बरणी. त्यात थंडी म्हणून आपण उरलीसुरली फटसुद्धा बोळे घालून बंद करतो.

ऑक्सिजन कमी होणं ही झाली अर्धी गोष्ट. ऑक्सिजन कमी पडला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. जागा माणूस निदान 'डोकं दुखतंय' म्हणेल. झोपलेला माणूस काहीच म्हणत नाही. झोपेतून बेशुद्धीत जातो, तेही न कळता.

हे काही फक्त अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांचं दुखणं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक, त्यात ४ लहान मुलं, एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यात बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण वाचतोच की! बाथरूम केवढीशी, खिडकी बंद, दार बंद, गीझर सुरू. हिशोब तोच.

यावर बाबा काही बोलले नाहीत. फक्त "हं" म्हणाले. हा 'हं' मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

बरं, मग पर्याय काय?

पहिला, विजेचा हीटर इन्व्हर्टरवर चालवणं. १,५०० वॉट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १२५ अँपिअर. वरचा तोटा धरला तर १४०. आमच्या ट्रेलरला १०० अँपिअर-अवरची एक लेड-ॲसिड बॅटरी होती. तिची अर्धी क्षमता वीस मिनिटांत संपणार. पुढचा पर्याय बोला.

दुसरा, जनरेटर. कॅम्पग्राउंडमध्ये रात्री लावायला परवानगी नसते. असती तरी लावून झोपणं नको, कारण तोही कार्बन मोनॉक्साइडचाच कारखाना. दिवसा लावायचा तर ट्रेलरपासून निदान २० फूट लांब आणि धूर खिडकीच्या उलट्या दिशेला.

तिसरा, दुकानात मिळतात ते छोटे प्रोपेन हीटर. हे खोलीतलीच हवा वापरतात आणि जळून झालेलं सगळं खोलीतच सोडतात. ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय बऱ्याच हीटरमध्ये असते, आणि ती चांगलीच आहे. पण सुमारे ७,००० फुटांच्या वर विरळ हवेमुळे ते उगीचच बंद पडू शकतात. शिवाय प्रोपेन जळून पाणी तयार होतं, एक किलो प्रोपेनमागे दीड किलोहून जास्त. ते सगळं खिडक्यांवर आणि गाद्यांखाली साठतं. जागेपणी, खिडकी उघडी ठेवून, अर्धा तास लावायला ठीक. झोपताना अजिबात नाही.

चौथा, ट्रेलरमध्ये मुळातच बसवलेला फर्नेस. हासुद्धा प्रोपेनच जाळतो. मग फरक काय? फरक श्वासाचा आहे. त्याची ज्योत एका बंद धातूच्या पेटीत असते. तिला लागणारी हवा ट्रेलरच्या बाहेरून येते आणि धूरही भिंतीतल्या नळीतून बाहेर जातो. खोलीतली हवा त्या तापलेल्या पेटीच्या बाहेरून फिरते, गरम होते आणि परत येते. दोन्ही हवांची गाठभेटच होत नाही. पेटीला तडा गेला किंवा बाहेरची जाळी बर्फाने, पाखरांच्या घरट्याने बुजली तर मात्र होते. म्हणून जाळी रोज बघायची आणि अलार्मवाचून झोपायचं नाही.

हे सगळं वाचून मी माझ्यापुरता एक नियम केला. ज्याचा श्वास बाहेरचा, तोच आत जळेल. माणसं झोपलेली असताना दुसरी कुठलीही ज्योत आत नको. बर्नर नाही, मेणबत्ती नाही, निखारे तर नाहीच नाही.

आता फर्नेस म्हटल्यावर सगळ्यांना काळजी गॅस संपण्याची असते. खरं तर गॅस पुरतो, बॅटरी पुरत नाही. हेही आकड्यांत सांगते. आमचा फर्नेस २०,००० बीटीयूचा. दहा तासांच्या रात्रीत तो मिळून चार तास चालला असं धरलं तर पावणेदोन किलो प्रोपेन लागतो. इथला नेहमीचा सिलिंडर ९ किलोचा (आपला घरचा १४.२ चा), म्हणजे पाच रात्री आरामात. पण गरम हवा ढकलायला पंखा लागतो, तो ४ अँपिअर खातो. चार तासांचे १६ झाले. फ्रिजचं सर्किट, अलार्म, दिवे मिळून अजून १०. एका रात्रीचे २६ अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये, आणि शून्य अंशाला तिची ताकद आणखी घटते, म्हणून शंभराचे वापरायला मिळतात फक्त ४०. पहिली रात्र निघाली. दुसऱ्या रात्रीला ५२ हवेत, आणि ते नाहीत!

बॅटरी उतरली की जे होतं ते मोठं गमतीदार आहे. पंखा हळू फिरतो. फर्नेसमध्ये शिडासारखी एक पत्ती असते, पुरेसा वारा लागला तरच ती स्विच दाबते आणि ज्योत पेटते. वारा कमी पडला की ज्योत पेटतच नाही, पण पंखा मात्र बिचारा फिरत राहतो. म्हणजे पहाटे तीन वाजता तुमच्या अंगावर थंड हवा सोडत तो उरलीसुरली बॅटरीही संपवतो. ज्योत न पेटणं ही सुरक्षेची सोय आहे, पण त्या वेळी तसं वाटत नसणार.

त्यामुळे आम्ही १०० वॉटचं एक सोलर पॅनेल बरोबर घेतलं. लख्ख ऊन असेल तर ते दिवसाला २५-३० अँपिअर-अवर परत भरतं. आणि दुसरं म्हणजे खर्च कमी केला. बाहेर उणे ५ असताना आत २० ठेवायचं तर फरक २५ अंशांचा. आत १२ ठेवलं तर १७ चा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बचत.

"बारा अंशात झोपायचं?" आई म्हणाली.

इथे आईनेच आणलेल्या वस्तूने प्रश्न सोडवला. पुण्याहून येताना २३ किलोच्या बॅगेत तिने जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या कोंबल्या होत्या. त्यावरून मी विमानतळावर तिच्याशी वादही घातला होता. आता त्याच गोधड्या स्लीपिंग बॅगवर घातल्या. शिवाय प्रत्येकाच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. या पिशवीला कमी लेखू नका. दोन लिटर पाणी ८० अंशांवरून ३० वर येताना सुमारे ११६ वॉट-अवर उष्णता देतं. चार पिशव्यांची मिळून झाली ४६४. आमच्या बॅटरीची वापरता येण्यासारखी सगळी ऊर्जा ४८०. म्हणजे एका पातेल्यात तापवलेल्या पाण्यात जवळजवळ अख्खी बॅटरी मावली, तीही थेट पांघरुणात! (त्या उंचीवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उकळतं पाणी पिशवीत ओतायचं नाही, थोडं निवू द्यायचं आणि वर टॉवेल गुंडाळायचा.) पाणी तापवताना छतावरची झडप उघडी, सगळे जागे, आणि झाल्यावर बर्नर बंद.

खिडक्यांना चंदेरी बुडबुड्यांचा कागद लावला. छताची झडप मात्र बोटभर उघडीच ठेवली, चौघांच्या श्वासाची वाफ जायला. यावर बाबांनी विचारलंच, "एकीकडे गॅस जाळायचा आणि दुसरीकडे खिडकी उघडी ठेवायची, हे कुठलं तुमचं इंजिनिअरिंग?" प्रश्न बिनतोड होता :)

अलार्मबद्दल दोन शब्द. ट्रेलरमध्ये बसवलेल्या अलार्मच्या पाठीवर मुदतीची तारीख असते. हे अलार्म पाच ते सात-दहा वर्षांत निकामी होतात, दाबून 'बीप' वाजला तरी आतला सेन्सर मेलेला असू शकतो. आमच्या भाड्याच्या ट्रेलरमधल्या अलार्मची मुदत उलटून गेली होती. मालकाला सांगितल्यावर त्याने बदलून दिला. तरी आम्ही स्वतःचा एक, आकडे दाखवणारा, घेऊन गेलोच. आणखी एक गोष्ट. अमेरिकी मानकानुसार हवेत दहा लाखात ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत वाजतो. बरेच अलार्म ३० च्या खालचा आकडा दाखवतच नाहीत. म्हणजे तो 'जीव जाण्याआधी उठवणारा' आहे, 'हवा शुद्ध आहे' असं प्रमाणपत्र देणारा नाही.

हे सगळं मला दुसऱ्या रात्री नीट समजलं.

अडीच वाजता बाबांनी हाक मारली. "अगं, जागी आहेस का? डोकं फार जड झालंय. मळमळतंय पण."

डोकेदुखी, मळमळ, मरगळ. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं हीच, आणि ८,००० फुटांवर विरळ हवा बाधली तर तीही हीच. त्या क्षणी आतल्या आत पोटात गोळा आला. अलार्मवर शून्य. पण शून्याचा अर्थ मला माहीत होता. अशा वेळी शोधत बसायचं नाही, आधी बाहेर पडायचं, हे आम्ही दोघांनी निघण्याआधीच ठरवलं होतं. नवरोबाने फर्नेस बंद केला, दार सताड उघडलं, मी आईला उठवलं आणि दोन मिनिटांत आम्ही चौघं गोधड्यांसकट गाडीत. बाहेर उणे ४. वर एवढ्या चांदण्या की एरवी तासभर बघत बसलो असतो. कुणी वर बघितलं नाही.

गाडीत बसून एकेकाला विचारलं. आईला काही नाही, नवरोबाला नाही, मला नाही. एकाच डब्यात झोपलेल्या चौघांपैकी दोघा-तिघांचं एकदम दुखतं तेव्हा संशय हवेवर जातो, आणि मोकळ्या हवेत आल्यावर डोकं हलकं झालं तर तो पक्का होतो. बाबांचं अर्ध्या तासानंतरही तसंच होतं. अलार्मचं बटण दाबून रात्रभरातला सर्वात मोठा आकडा बघितला, तोही शून्य. बाहेरची जाळी टॉर्चने बघितली, मोकळी होती.

मग आईने विचारलं, "तुम्ही दिवसभरात पाणी किती प्यायलात?"

बाबा गप्प. मग हळूच, "चहा झाला होता दोनदा. रात्री उठायला नको म्हणून..."

आई जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. दोन ग्लास पाणी आणि एक पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने बाबांना बरं वाटलं. उंची आणि कमी पाणी, दुसरं काही नाही. तरी उरलेली रात्र आम्ही फर्नेस लावलाच नाही. पिशव्यांत पुन्हा गरम पाणी भरलं, गोधड्या कानापर्यंत ओढल्या. सकाळी सहा वाजता ट्रेलरच्या आत ३ अंश होते, आणि आई घोरत होती. १२ अंशांची तक्रार करणारी आई!

तेव्हा माझं मत पक्कं झालं. रात्री खोली गरम करायच्या मागे लागू नये, माणसं गरम ठेवावीत. फर्नेस आहे तो मदतीला. तो बंद पडला, बॅटरी उतरली, किंवा शंका आली म्हणून आपणच बंद केला, तरी सकाळपर्यंत निभावलं पाहिजे. तेवढं पांघरूण बरोबर असेल तर कुणालाही अडीच वाजता 'एक बर्नर सुरू ठेवू का' असं वाटणार नाही. माणूस असल्या ज्योतीपाशी जातो तो बहुतेक वेळा थंडी असह्य झाली म्हणूनच.

आता तो 'हं'. आईबाबा डिसेंबरात पुण्याला परतले. पुढच्या रविवारी फोनवर हवापाणी, लग्नकार्य, सोसायटीची मीटिंग सगळं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "अगं, ते सांगायचं राहिलं. बाथरूममधला गीझर काढून घेतला. ड्राय बाल्कनीत लावलाय. प्लंबर म्हणत होता, काका, इतकी वर्षं काही झालं नाही, कशाला खर्च करता?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"त्याला बाथरूमचे घनमीटर काढून दाखवले."